खालचा कप्पा

ओकची फळं बादलीभर पाण्यात ओतायची.
तरंगेल ते पोकळ, अळीनं आतून खाल्लेलं.
बुडेल ते पेरायचं.
इडवलनं सांगितलं तेव्हा मला हसू आलं.
आम्हाला जन्मभर उलटं बजावलेलं,
पोहायला शिक, बुडू नकोस.

इडवल एकोणऐंशीचा.
चाळीस वर्षं कोरिसच्या वरच्या ह्या खोऱ्यात टपाल वाटलं,
म्हणून माणसांपेक्षा फाटकं जास्त ओळखतो,
आणि फाटकांपेक्षा झाडं.
मेंढ्यांना चढता आलं नाही त्या कड्यावर
सतरा ओक उरलेत, वाकडे, खांद्यापर्यंत शेवाळलेले.
आमच्या रोपवाटिकेत बी येतं ते त्यांचंच.
वहीत लिहायचं: झाड कितवं, किती उंचीवर,
उताराचं तोंड कुठे, तारीख.
एकाच झाडाखालचं सगळं उचलायचं नाही.
निळ्या पंखाच्या जे पक्ष्याचा वाटा, उंदराचा वाटा,
आणि झाडाचा स्वतःचाही काही असेलच.

मग ओलसर रेती, भोकं पाडलेली पिशवी,
आणि माझ्या फ्रिजचा खालचा कप्पा.
गेल्या जानेवारीत कोथिंबीर काढायला वाकले
तर एकानं पांढरं मूळ सोडलेलं,
करंगळीच्या नखाएवढं.
पिशवी मी उलटी ठेवली होती.
ते मधेच वळून, त्या काळोखात,
बरोबर खाली निघालं होतं.

यंदा ओकांना काही आलंच नाही.
मोहराच्या दिवसांत पाऊस हटला नाही म्हणून,
की झाडांनीच ठरवलं, कुणास ठाऊक.
आम्ही दोघं दिवसभर गुडघ्यांवर.
अकरा मिळाली.
अकराच्या अकरा तरंगली.

प्रकल्पाच्या कचेरीतून नॉन आली,
चांगली पोरगी, बुटांना चिखल, मांडीवर लॅपटॉप.
मार्चच्या आत पैसे खर्ची पडायला हवेत.
पूर्वेच्या सपाटीवरून ट्रकभर रोपं मिळतात,
सरळसोट, कमरेएवढी, तीही ओकच की.
माझ्यावर असतं तर मी हो म्हटलं असतं.
खरं सांगते. रिकामे ट्रे बघवत नव्हते.

इडवलनं टोपी काढली, पुन्हा घातली.
"ती एप्रिलातच पालवतील," म्हणाला,
"इथं मेमध्येही दंव पडतं, त्यांना कुणी सांगायचं?
ज्यांना ठाऊक आहे ती वर उभी आहेत.
थांबू या."

एकोणऐंशी वर्षांचा माणूस म्हणतो, थांबू या.

पैसे परत गेले.
डोंगर ह्या वर्षीही नेच्यांचाच.
वहीतलं पान मी कोरं सोडणार होते,
त्यानं बोट ठेवून लिहायला लावलं:
झाडं सतरा. बी शून्य. तारीख.
"टपाल नसलं तरी मी फाटकाशी थांबून तसं सांगायचो," म्हणाला.
"आत कुणीतरी वाट बघत असायचं."

काल नवऱ्यानं खालच्या कप्प्यात फ्लॉवरचा गड्डा ठेवला.
मी काही न बोलता तो वर हलवला,
कप्पा पुसला,
काटा बघितला, तीन अंश,
आणि दार लावलं.