एउगेनियुशच्या नावातली हवा

कलाशाळेतून बाहेर पडले तेव्हा माझ्याकडे
चौदा लाल रंग होते, आणि प्रत्येकाबद्दल एक ठाम मत.
वूच शहरातल्या साऱ्या भिंती माझीच वाट बघताहेत
असं वाटायचं ट्राममधून जाताना.
नोकरी मिळाली ती ग्रोखालच्या छापखान्यात,
जुन्या कापडगिरणीच्या मागच्या अंगाला,
निधनाची पत्रकं जुळवायची.

इथे गेलेल्या माणसाचं नाव भिंतीवर लावतात.
काळी चौकट, वर क्रूस, नाव, वय, दफनाची वेळ.
चर्चच्या दारावर, घराच्या फाटकावर, बेकरीशेजारच्या फळ्यावर.
येणारेजाणारे पाव काखेत धरून थांबतात,
त्या वयातून स्वतःचं वय वजा करतात
आणि पुढे जातात.
या कागदाला आम्ही क्लेप्सिद्रा म्हणतो,
म्हणजे वाळूचं घड्याळ.
त्यात लाल रंगाला काम नव्हतं.

पहिल्याच महिन्यात मी चौकटीला वेलबुट्टी काढली.
ग्रोखालने चष्मा कपाळावर सरकवला.
"सुरेख. आता लोक हीच बघत बसतील,
गुरुवारी दहा वाजता येणार कोण?"
मी चिडले. तपकिरी वहीत लिहून टाकलं:
मालकाला दृष्टी नाही.
ते वाक्य अजून आहे तिथे. खोडलं नाही,
अधूनमधून लाज वाटलेली बरी.

त्या वहीत दर शुक्रवारी लिहायचे,
आठवड्यात काय फसलं ते.
जमलेलं नाही, जमलेलं स्वतःच मिरवत फिरतं.
कुठल्या कागदात शाई फुटली,
कुणाच्या मुलाने आईचं वय चुकीचं सांगितलं,
आमच्या शहराच्या नावातलं पहिलंच अक्षर,
त्याला छेद देणारी ती तिरपी रेघ
किती खाली घसरली की नाव लंगडतं.

मग फेब्रुवारीत एक बाई आली,
दाराशी बूट आपटून बर्फ झटकत.
नवऱ्याचं नाव एउगेनियुश प्शिबिल्स्की.
नाव लांब, कागद लहान.
मी ते एका ओळीत बसवलं होतं,
अक्षरं खांद्याला खांदा लावून उभी,
आणि मनातून स्वतःवर खूश होते.
तिने प्रूफ हातात धरलं. बराच वेळ धरलं.
"पोरी, अक्षरं जरा सैल करशील?
शेवटचे तीन महिने त्याला श्वास पुरत नव्हता."

ग्रोखाल काही बोलला नाही.
शेगडीवरची किटली उतरवली त्याने, एवढंच.
मी नाव दोन ओळींत तोडलं,
टाइप थोडा लहान केला,
आणि अक्षराअक्षराच्या कडेला जागा सोडत गेले.
ए. थोडी हवा. उ. थोडी हवा. गे.
आजाऱ्याच्या खोलीतली खिडकी उघडावी तेवढीच,
थंडी आत येणार नाही अशी.
बाई म्हणाली, "आता बरं आहे,"
इस्पितळात म्हणतात तसं.

त्यानंतर पुष्कळ काही केलं.
नाटकांची पोस्टरं, साबणाची वेष्टनं,
एका बँकेचं बोधचिन्ह, ज्याचे पैसे बक्कळ मिळाले
आणि ज्याच्या समोरून जाताना मी फुटपाथ बदलते.
लाल रंगही परतले. चौदांतले दोन.
मुलं शिकायला येतात, विचारतात, तुमची शैली कोणती?
मी वही पुढे करते, तपकिरीच, आता सातवी,
म्हणते, चुका वाचा, आणि आधी चहा ठेवा.

काल शेपू घातलेल्या काकडीच्या लोणच्याचं लेबल करत होते.
मालकाला नाव मोठं हवं होतं, अजून मोठं,
बरणीला पुरून उरेल एवढं.
केलं मोठं. अक्षरं एकमेकांना भिडली.
बोट आपोआप बाणाच्या कळीवर गेलं,
एकेक टिचकी, एकेक टिचकी,
आणि ध्यानात आलं, मीच श्वास रोखून बसले होते.
सोडला.
फोनवर मालक दुसऱ्यांदा बजावत होता,
हवा अजिबात जाता कामा नये हं आत.
नाही जाणार, म्हटलं,
झाकणातून.