एकास पन्नास

टेपचं दुसरं टोक मुजावरांच्या तौफीकच्या हातात.
"किती?" मी खालून.
"चार एकोणसत्तर," तो कमानीवरून,
आणि एक पारवा फडफडतो आकडा चुकवायला.

राजपुरीच्या खाडीवर हा काळा घुमट.
आत कोण निजलंय ते फळा एक सांगतो,
गाव दुसरंच.
मी खात्याचा ड्राफ्ट्समन, मला विचारलेलं नाही.
मला फक्त उंची, जाडी, ओळंबा.

फायलीत एक झेरॉक्स लावलीय.
थॉर्नली नावाचा कुणी गोरा चितारी
पावसाळा सरल्यावर मचव्यातून उतरला,
अकरा दिवस राहिला म्हणे, ताप घेऊन गेला.
त्याच्या मोठ्या चित्रात वादळ आहे,
कुणी दौत उपडी केल्यासारखं आभाळ.
घुमट माझ्या टेपपेक्षा दीड हात उंच,
खांद्यावर वीज, अंगावर वड,
आणि दारापुढे काठीवर रेलून एक पोर
पाच मेंढ्या राखतंय.

मेंढ्या!
इथे, खाजणाच्या काठी!
तौफीक हसता हसता खालीच बसला.
"दोन दिवसांत चिखल्या झाल्या असत्या साहेब,
वीस पायांना."

घुमटाला त्याने एक तडाही दिला,
माथ्यापासून कमानीपर्यंत, देखणा.
तेव्हा घुमट धडधाकट होता,
नुकता चुना घोटलेला,
त्या खर्चाचं पान फायलीतच आहे.
पण त्याला पडझड हवी होती.
माझ्या बापाने होडी विकायच्या आधी वर्षभर
फळ्या कुजल्या, फळ्या कुजल्या लावलं होतं.
पुढे ती नऊ हंगाम चालली,
दुसऱ्याच्या नावाने.

तडा आता खरंच पडलाय.
त्याने काढला तिथे नाही,
दोन फूट डावीकडे,
बोटाएवढ्या पिंपळमुळीने.
मी वर काचेची पट्टी चिकटवलीय, तारीख घालून.
काच फुटली तर समजायचं, वाढतोय.
अजून फुटलेली नाही.

झेरॉक्सच्या मागच्या पानावर मात्र
त्याचं अभ्यासचित्र आहे, पेन्सिलीचं,
मोठ्याच्या आधीचं.
वादळ नाही. वड नाही.
घुमट आहे तेवढाच, मी पट्टी लावून बघितली.
पोर आहे, पण हातात काठी नाही,
साहेबाची मिटलेली छत्री आहे.
कंटाळलंय. माशी हाकलली असावी मध्येच,
कारण हात दोनदा काढलाय.
भिंतीला वल्ही टेकलेली. दोरीवर बोंबील,
एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात.
आणि दाराच्या पायरीखाली
वहाणांची एक जोडी.

आत कुणीतरी गेलंय.
लोबान घेऊन, नाहीतर झाडू.
चितारी त्या काळोखाकडे बघत थांबला असेल,
कारण इथे पेन्सिल एकाच जागी टेकून राहिलीय,
झेरॉक्समध्येही तो ठिपका गडद येतो.

मोठ्या चित्रात वहाणा नाहीत.
तिथे आत कुणी जात नाही.

चारच्या सुमाराला थोरले मुजावर आले,
गुडघ्यावर हात ठेवून वाकले,
डावी काढली, उजवी काढली,
आमच्या टेपवरून अलगद पाय टाकत
आत गेले.
मी मोजत होतो त्या भिंतीपलीकडे
खोकल्याचा आवाज घुमला,
आणि मी आकडा विसरलो.
तौफीकने परत सांगितला.

रात्री लॉजवर, शीट क्रमांक तीन,
दक्षिणेचं एलिव्हेशन, एकास पन्नास.
सगळ्या रेघा झाल्या, तडा झाला, पिंपळमुळी झाली.
मग पायरीखाली
साडेपाच मिलिमीटरची एक जोडी काढली,
उजवी जरा तिरकी,
घाईत काढल्यासारखी.

वरिष्ठ विचारतील, हे काय?
मापासाठी, म्हणेन.