दोनशे वीस

वास आधी आला, वाल्देसी मागून.
मला वाटलं, साओ जोझेच्या बाजारातली कालची मासळी.
दुपारी दोनला या गल्लीत सगळ्यालाच तो वास असतो,
नोटांनासुद्धा.
पण तो येत होता त्याच्या पिशवीतून,
टॉवेलात गुंडाळलेल्या काळ्या खोक्यातून.
फुटलेला कपॅसिटर असाच नासतो.

"कांपिनासला चालत होता," तो म्हणाला.
सगळे असंच म्हणतात, मागच्या गावाचं नाव घेऊन,
जणू तक्रार माझ्या गावाबद्दल आहे.
बस चालवतो. बदली झाली. ट्रकमधून फ्रिज आला, पलंग आला, हा आला.
पोरीचा नववा वाढदिवस होता.
बघ, तुझा बाप कशावर मोठा झाला, म्हणत
त्याने पिन भिंतीत खोचली.
पिन बसली.

तेच तर वाईट.
या देशात पिन कुठेही बसते
आणि भिंत काही सांगत नाही.
तिकडे एकशे सत्तावीस, रेसिफेत दोनशे वीस.
हात दाखवून अवलक्षण, तेही पोरीच्या देखत.

मी स्क्रू काढले. पाच. सहावा कधीच नसतो.
आत वाळू, झुरळाची अंडी,
आणि एक क्रुझेरोचं नाणं,
ज्याचं आता काहीही येत नाही.
अडॅप्टरचा कोळसा झाला होता,
पोटातली तांब्याची तार वेढ्यावेढ्यांत चिकटलेली.
आणि रेग्युलेटर, तीन पायांचा, नखाएवढा,
सगळं अंगावर घेऊन मेला होता.
त्याच्यामागची चिप शाबूत.
एवढ्याशा जिवाला पाच व्होल्टच्या पलीकडचं
काही जाऊ द्यायचं नसतं, एवढंच ठाऊक.

मग बोर्ड पालथा घातला
आणि तिथे रिझोलेता होती.

म्हणजे तिचा हात.
डावखुरी. कथलाचा थेंब एका अंगाला कललेला,
हवा त्याच्या दुप्पट.
मनाउसच्या कारखान्यात एकाच पट्ट्यावर बसायचो आम्ही,
मी अकरावी, ती बारावी.
शुक्रवारी पाचची बोट चुकली तर पुढची आठला,
आणि नदीपलीकडे शेजारणीच्या ओसरीत
तिचं पोर रडून रडून झोपलेलं.
म्हणून साडेचारनंतर ती कथील ओतायची,
लावायची नाही.
सुपरवायझर माझे सांधे सगळ्यांना दाखवायचा.
हिचे वर्षभरसुद्धा टिकणार नाहीत, म्हणायचा,
आणि मी
मान डोलवायचे.

भिंगाखाली धरलं.
पिनेच्या खोबणीपाशी, जिथे रोज ओढाताण असते,
तिथला माझा. नीटस, शंकूसारखा, काटकसरीचा.
त्याच्याभोवती केसाएवढी गोल चीर.
वीज जास्त झाली नसती
तरी एक दिवस तो गेलाच असता.
शेजारचा तिचा, गबाळा, जाडजूड,
तीस वर्षं जागचा हललेला नाही.

माझा वितळवला, पुन्हा भरला.
यावेळी जरा जास्तच.
तिच्याला हात लावला नाही.

वाल्देसी दारातच उभा होता,
नाकापेक्षा मोती जड निघतो की काय, या धास्तीने.
सत्तर, मी म्हणाले. अडॅप्टरचे वेगळे.
नव्या अडॅप्टरवर पांढरी टेप, टेपवर लाल शाईने आकडा,
पोरीला वाचता येईल एवढा मोठा.

टीव्हीवर आधी मुंग्या.
मग निळं आभाळ, जरा थरथरतं,
आणि कडेला तो बुटका माणूस,
कुणी बटण दाबेपर्यंत पाय आपटत राहणारा.
दाबून बघ, मी म्हणाले.
त्याने हात खिशातून काढला
आणि पुन्हा घातला.
"पहिलं तिने दाबायचं ठरलंय."

खोका टॉवेलात गेला. वास मात्र राहिला,
संध्याकाळपर्यंत, की बाजाराचाच होता.

रिझोलेताचा नंबर माझ्याकडे नाही.
त्या नदीवर आता पूल झालाय म्हणतात.