आणि मग सगळ्यांनी

पूर्वी म्हणायचे, पुडी सोडली.
किंवा लोणकढी. किंवा नुसतंच
‘हो का?’, आणि तो ‘का’ पार नाक्यापर्यंत लांबवायचा.
आता पोरं एवढंच लिहितात:
आणि मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
म्हणजे, झालं हं काका, गुंडाळा.

मीही लिहितो. मला जमतं.
कुणाच्या चार वर्षांच्या पोरीने
बँक मॅनेजरला चक्रवाढ व्याज समजावलं,
कुणाच्या रिक्षावाल्याने घोडबंदरच्या जॅममध्ये
दागिन्यांची बॅग परत केली, वर गुलाब दिला.
माझं एक बोट, एक वाक्य. खेळ खलास.

काल रात्री घरच्या ग्रुपवर अप्पांनी लिहिलं.
पाऊण तास तरी लागला असेल,
पलीकडच्या खोलीतून टकटक ऐकू येत होती.

‘रिटायर होऊन आज अकरा वर्षं.
वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा.
जर्मन साहेबांनी माझा शेवटचा जॉब
स्वतः मायक्रोमीटरला लावला.
म्हणाले, मिस्टर खांबेटे, दोन मायक्रॉनचाही फरक नाही.
मनगटावरचं घड्याळ काढून दिलं.
सगळी लेथ मशिनं थांबली.’

मंगलआत्याच्या नातवाने, ओजसने, लगेच:
आणि मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
पुढे तीन चेहरे, हसून हसून रडणारे.

टकटक थांबली.
मग पुन्हा, हळूहळू.
‘हो रे बाळा. वाजवल्या.
तुला कुणी सांगितलं?’

मला माहीत आहे तो दिवस.
स्कूटर घेऊन मीच गेलो होतो आणायला.
जर्मन साहेब होता तो कॅलेंडरवर.
घड्याळ पुढच्या आठवड्यात गोखले रोडवर घेतलं,
घासाघीस करून, मी सोबत होतो.
मशिनं मात्र थांबली होती, ते खरं,
अर्धी तर ट्रकवर चढून चाकणला गेलेली.

गेटवर वॉचमनने डबा उघडायला लावला,
एकतीस वर्षं लावायचे तसाच.
अप्पांनी झाकण काढून दाखवलं:
एक बेसनाचा लाडू, चुरलेला, आईसाठी.
वॉचमन म्हणाला, जावा.

ते ताठ चालत आले माझ्यापर्यंत,
नव्या शर्टाची घडी अजून पोटावर दिसत होती,
आणि बसायच्या आधी
क्षणभर उभेच राहिले.

इंजिन चालू होतं.
माझे दोन्ही हात हँडलवर.