दोन तास

गंगापूरचं पाणी सोडलंय दुपारीच.
दुतोंड्याच्या गुडघ्याशी आलंय म्हणे,
म्हणजे आमच्या गल्लीला अजून दोन तास.

सिलिंडर खिडकीच्या गजाला बांधला,
मागच्या वेळी तरंगत मोरीपर्यंत गेलेला.
बाबांचं इन्सुलिन थर्मासात,
घरपट्टीच्या पावत्या दुधाच्या पिशवीत, वर रबर.
लोणच्याची बरणी कशाला, विचारलं
तर नलिनी नुसती बघते.

मेन स्विच खाली ओढला.
फ्रिजही गप्प झाला,
तेव्हा नदी घरात ऐकू आली.

भिंतीवर पुराची जुनी रेघ,
शेजारी पेन्सिलीनं शर्वरीची उंची.
"गेले ना मी वर?"
टाचा खाली टेक, म्हटलं.
बोटभर कमी.

तिच्या गळ्यात शिट्टी अडकवली.
वर कुलथ्यांनी दार
केव्हाचं उघडं ठेवलंय,
चहाचा वास जिन्यात.