दीड इंच माया

वडगावात, मंगाईच्या देवळामागं,
माझं मशीन दाराशीच असतं, उजेडासाठी.
अख्ख्या पेठेची छाती-कंबर माझ्या वहीत आहे,
पेन्सिलीनं, नावापुढं, तारीख घालून.
कुणाची बत्तीसची छत्तीस कधी झाली
मला ठाऊक असतं. मी बोलत नाही.
शिवणीत माया ठेवते दीड इंच,
दर दिवाळीला एक टीप उसवून देते.

माझं माप मात्र वहीत नव्हतं.
एकोणचाळिसाव्या वर्षी गुडघा बोलायला लागला,
पायडल मारताना, मशीनच्याच सुरात,
आणि एका सकाळी ब्लाऊज घेऊन बसले
तर उसवायला टीपच उरली नव्हती.

पहिल्यांदा केलं ते सगळं चुकलं.
वीस दिवस उकडलेला कोबी. भात बंद.
पोरं जेवायची तेव्हा मी काजं करायची, पाठ फिरवून.
चार किलो उतरले. डोकं मात्र चढलं.
परशरामशी भांडले, कशावरून ते आठवत नाही,
एका गिऱ्हाइकाची बाही उलटी लावली.
मग खानापूरचं लग्न.
नणंदेनं पानात कुंदा वाढला, पुन्हा वाढला,
आणि तिसऱ्यांदा मीच पान पुढं केलं.
आषाढ येईतो पाच किलो परत,
मुद्दल चार, व्याज एक.

शेजारची महादेवी हसली नाही.
तिची साखर तीन वर्षांपूर्वी सापडलेली.
पहाटे तिनं दार वाजवलं, म्हणाली, ‘चल.’
मी झपझप निघाले, सगळं एका दिवसात फेडायचं असल्यासारखी.
ती मागनं ओरडली, ‘निधान री, निधान!’

तिच्या भाषेत निधान म्हणजे सावकाश.
माझ्या भाषेत पुरून ठेवलेलं धन.
येळ्ळूरच्या रस्त्यानं दोघी एकाच शब्दावरून चालत होतो,
बाजूला भात पोटरीला आलेला,
त्याचा वास असा, की त्याला जन्मभर नाही म्हणणं
मला जमणार नव्हतं, हे तिथंच कळलं.

म्हणून भात आहे. एक वाटी,
आधी भाकरी, मटकीची उसळ, कांदा.
साडेसातला जेवते. परशरामचा माग आठला थांबतो,
महिनाभर तो एकटा जेवताना गाल फुगवून बसला,
आता मी समोर बसून हुक लावते, तो बोलतो.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या वयात मांस आटतं,
काहीतरी उचलत जा.
मग अस्तराचा गठ्ठा माळ्यावर चढवते, खाली काढते,
पुन्हा चढवते, गिऱ्हाईक नसताना, दार लोटून.
सासूबाईंना वाटतं काहीतरी हरवलंय.

महिन्यातून एकदा बाबूअण्णाच्या धान्याच्या काट्यावर.
तांदळाच्या पोत्यांशेजारी उभी राहते.
‘दीड पोतं, जरासं कमी,’ तो म्हणतो,
आणि मापात पाप नको म्हणून चप्पल काढायला लावतो.
दोन महिने काटा हललाच नाही.
त्या दोन महिन्यांत जिना चढून गच्चीवर
वाळवण घालून आले, मध्ये न थांबता.
ते कुठल्या काट्यावर दाखवायचं?

मंगाईच्या जत्रेला मटण खाल्लं, पोटभर.
दुसऱ्या दिवशी चालायला गेले. एवढंच.
पूर्वी खाऊन रडायची, रडून खायची.

अकरा महिने. सहा किलो.
काल माझाच ब्लाऊज घेतला,
दोन्ही कुशींना आतून टीप मारली.
जादा कापड शिवणीत दुमडून राहिलं,
कात्री हातात होती, कापावंसं वाटलं.
नाही कापलं.
पन्नाशी यायची आहे, अंग काय काय मागेल,
मायेला कात्री लावू नये, आईनं शिकवलेलं,
ब्लाऊजच्याच बाबतीत.

वहीच्या शेवटच्या पानावर माझं नाव घातलं,
पुढं माप, पेन्सिलीनं.
तारीख लिहीत होते तोवर
बाहेरून महादेवीची हाक,
आणि एक चप्पल सापडेना.