कुलूप तोडण्याची परवानगी

परिपत्रकात काम एका ओळीचं होतं:
'वसतिगृह क्रमांक तीन तात्काळ रिकामे करून
आरोग्य विभागाच्या ताब्यात द्यावे.'
रिकामं तर ते होतंच.
मार्चमध्ये पोरं गेली आठ दिवसांच्या कपड्यांवर,
एकशे बारा दारांना एकशे बारा कुलपं लावून.

मी लिपिक, परीक्षा विभाग.
परीक्षाच नव्हती, म्हणून मला इकडे धाडलं.
सोबत सुपडू अण्णा, छन्नी, हातोडी,
गोण्या, चिकटपट्टी,
आणि मोबाइल नंबरांची यादी, अर्धी जुनी.
नियम ठरला:
आधी फोन, मग व्हिडिओ, मग घाव.

बाहेरून आलेलं टपाल तेव्हा आम्ही
तीन दिवस गच्चीवर वाळवायचो, पापडांसारखं,
कडेकडेनं दगड ठेवून.
जळगावचं ऊन विद्यापीठाच्या सेवेत रुजू झालं.
अण्णा म्हणाले, हजेरीपटावर घ्या त्याला,
एक दिवस खाडा नाही.

खोली सात, भडगावचा पोरगा:
'तोडा भो, बिनधास्त तोडा,
फक्त गादीखालचं पाकीट उघडू नका.'
नाही उघडलं.
यादीत लिहिलं: पाकीट, एक, बंद.

खोली एकोणीस. लोणच्याची बरणी, झाकण फुगलेलं.
पोराच्या आईला विचारलं, टाकू का?
ती बराच वेळ बोलली नाही.
'फेकी द्या भाऊ. पन बरनी ऱ्हाऊ द्या.'

खोली चौतीस. फोन बापाने उचलला.
पोरगा केळीच्या ट्रकवर क्लीनर, काल झाशी सोडली.
'त्यानी परीक्षा शे का?'
मी परीक्षा विभागाचा माणूस,
म्हणालो, कळवतो.

एक्केचाळीस. सायसिंग पावरा, धडगावच्याही पलीकडचा.
नंबर लागेना.
एक दिवस, दोन, पाच.
खाली टेम्पोत पलंग उभे, सलाइनचे स्टँड उभे,
तहसीलचा माणूस घामाघूम:
एका कुलपासाठी थांबलात?
अण्णा छन्नीवर हात ठेवून पायरीवर बसलेले.
म्हणाले, नियम शे.

सहाव्या दिवशी त्याचाच फोन आला.
कुणा आशाताईने निरोप पोचवला होता,
आणि तो दीड तास चढून
रेंज मिळते त्या टेकाडावर गेला होता.
व्हिडिओ लावला. चित्र गोठलं:
अर्धं कपाळ, मागे सागाचं एक पान.
आवाज मात्र सुटा सुटा येत राहिला.
'सर, कुलूप... नका तोडू.
किल्ली चौकटीवर ठेवलीय.
कुणाला लागली खोली तर, म्हणून.'

अण्णांनी हात वर केला.
होती.
सहा दिवस आम्ही तिच्या खाली उभे होतो.

फोन ठेवण्याआधी त्याने विचारलं, परीक्षा कशी?
म्हटलं, बहुपर्यायी. मोबाइलवर. एक तास.
थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला.
'तास उभं राहता येतं इथं,' तो म्हणाला,
'बसलं की जाते रेंज.'
मी ते वाक्य टिपणीत घातलं,
विषय: तांत्रिक अडचणी.
वरून शेरा आला: पाहिले.
दुसरी टिपणी. तिसरी.
चौथीनंतर नियमात एक ओळ वाढली:
संपर्क तुटल्यास पेपर तिथूनच पुढे सुरू व्हावा.

ऑक्टोबरात पडद्यावर हजारो ठिपके.
माझ्याकडे मदतवाहिनीचे तीन फोन, तिन्ही वाजत,
तरी मी त्याचा आसनक्रमांक शोधला.
अकरा वाजून दोन मिनिटांनी हिरवा.
एकोणीसला गेला.
एका मुलीला पासवर्ड सांगत होतो,
तिला दोनदा चुकीचा सांगितला.
सव्वीसला परत हिरवा.
बसला असेल जरासा.

फेब्रुवारीत लेखापरीक्षणाचा आक्षेप:
खोल्या एकशे बारा,
नवीन कुलपांची खरेदी एकशे अकरा.
तफावत एक. खुलासा सादर करावा.

सादर केला.
'किल्ली चौकटीवर होती.'